विंडोज १० वरून ११ वर जायचं का? आधी मशीन बघा

विंडोज ११ मधलं जे डोळ्यांना दिसतं, त्याची नवलाई दोन दिवसांत ओसरते. मधोमध सरकलेला स्टार्ट मेनू, गोल कोपऱ्यांच्या खिडक्या, फाइल एक्सप्लोररमधले टॅब. एवढ्यासाठी नीट चाललेल्या मशीनला कुणी हात लावू नये. हात लावायचं कारण वेगळं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबली. २०१५ मध्ये आलेली ही विंडोज त्या दिवशी बंद पडली नाही. आजही ती सुरू होते, काम होतं, प्रिंट निघते. पण वाढीव अपडेट्सची वेगळी नोंदणी केली नसेल तर तिच्यात नव्याने सापडणारं प्रत्येक भोक आता उघडंच राहतं. म्हणजे जायचं ते पॅचसाठी, ही भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्यांसाठी, आणि जाणं सुखाचं होईल की डोकेदुखीचं, हे बहुतांशी तुमच्या टेबलावरच्या मशीनवर ठरतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: 'डिफेंडर अजून अपडेट होतोय, मग काय बिघडलं?' डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजमधल्याच अँटीव्हायरसच्या, व्हायरस-व्याख्या विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, हे खरं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अ‍ॅप्सनाही त्याच महिन्यापर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळतील. पण अँटीव्हायरस ओळखीचा चोर पकडतो. दाराची मोडकी कडी दुरुस्त करत नाही. विंडोजच्या गाभ्यातली चूक फक्त विंडोजचं अपडेटच बुजवतं. ऑफिस २०१६ आणि २०१९ वापरत असाल तर त्यांचाही आधार त्याच १४ ऑक्टोबरला संपला आहे, ते विंडोज ११ वर टाकून पुन्हा जिवंत होत नाहीत.

आता मशीन. मायक्रोसॉफ्टच्या कागदावरच्या अटी अशा: ६४-बिट, किमान दोन कोअरचा, १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी) सोय, टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप), डायरेक्टएक्स १२ चालवणारं ग्राफिक्स. यातल्या पहिल्या तीन अटी बहुतेकांकडे असतातच. गाडी अडते ती टीपीएमवर आणि प्रोसेसरच्या यादीवर. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा आणि एएमडीचा रायझेन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर चालतो. सातव्या पिढीतले मोजके अपवाद आहेत, त्यांच्यावर आशा ठेवू नका. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे छोटं अ‍ॅप दोन मिनिटांत निकाल देतं आणि अडलं तर नेमकं कुठे, हेही सांगतं.

'टीपीएम सापडलं नाही' असा निकाल आला की लोक लगेच नव्या लॅपटॉपच्या किमती बघायला लागतात. थांबा. प्रोसेसर यादीत असेल तर टीपीएम जवळपास नक्कीच आत आहे, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) बंद पडून आहे. विंडोज की आणि आर दाबून रन उघडा आणि 'टीपीएम डॉट एमएससी' टाका (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या). खिडकीत 'स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०' दिसलं तर काम झालं. चिप सापडत नाही असं आलं तर बायोसमध्ये जा. इंटेल बोर्डावर ही सोय 'पीटीटी' नावाने असते, एएमडीवर 'एफटीपीएम'. सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड किंवा ट्रस्टेड कॉम्प्युटिंग, यांपैकी कुठल्या तरी पानावर ती दडलेली असते. प्रत्येक बोर्डवाल्याची जागा निराळी.

मात्र बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट न चुकता करा. बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप) कारखान्यातूनच चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. टीपीएम किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोजऐवजी निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती की नसेल तर डिस्कवरचा डेटा गेला समजा. दुकानदार, कंपनी, कुणीही तो परत आणू शकत नाही. की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या डिव्हाइसच्या पानावर जमा असते. ती आधीच कागदावर उतरवून घ्या. शेजारी दिलेला की आयडी पडद्यावरच्या आयडीशी जुळतो का, तेही पाहायचं असतं, कारण एका खात्यात जुन्या मशीनच्या तीन-चार किया पडलेल्या असतात आणि घाईत हमखास चुकीची उतरवली जाते. मग बिटलॉकर (या एन्क्रिप्शनमागचं विंडोजचं साधन) तात्पुरता 'सस्पेंड' करून बायोसमध्ये जा. डिक्रिप्ट करायची गरज नाही, सस्पेंड पुरे.

दुसरी अडचण लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, बूटची. रनमध्ये 'एमएसइन्फो३२' टाका आणि 'बायोस मोड' ही ओळ शोधा. तिथे 'यूईएफआय' असेल तर पुढे चला. 'लेगसी' असेल तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे, आणि यूईएफआयला जीपीटी ही नवी पद्धत लागते; नुसतं बायोसमध्ये यूईएफआय केलं तर मशीन सुरूच होणार नाही. घाबरून पुन्हा लेगसी केलं की सुरू होतं, आणि लोक म्हणतात 'आमच्या पीसीला चालत नाही'. खरा क्रम उलटा आहे: आधी डिस्क बदला, मग बायोस. विंडोज १० मध्येच 'एमबीआर२जीपीटी' नावाचं साधन आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस' चालवा. तपासणी पार पडली तर त्याच ओळीत व्हॅलिडेटच्या जागी 'कन्व्हर्ट' घालून पुन्हा चालवा. डेटा जागेवर राहतो. तपासणी नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनं किंवा एखादं एक्स्टेंडेड पार्टिशन. सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडून दिलेल्या जुन्या डिस्कवर हे फार दिसतं. डेटा बाहेर काढून जादाची पार्टिशनं काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रूपांतर झालं की बायोसमध्ये सीएसएम (लेगसी बूटची सोय) बंद, यूईएफआय चालू, मग सिक्युअर बूट.

या सगळ्यातून पार पडलेलं मशीन 'पात्र' ठरतं. पात्र म्हणजे वापरण्याजोगं, असं मात्र समजू नका. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ सुरू होते, एवढंच म्हणता येईल. ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब आणि एक व्हिडिओ कॉल, एवढ्यात रॅम संपून ती डिस्कवर रेटत बसते. ८ जीबी ही खरी किमान पातळी, १६ मध्ये सुख. आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर अपग्रेडचा विचार आज सोडून द्या. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटून राहतो, मशीन सुरू झाल्यावर चहा करून येईपर्यंत डेस्कटॉप हाताशी लागत नाही, आणि दर महिन्याच्या अपडेटला अर्धा दिवस जातो. आधी एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपला साटाची २.५ इंची चालते, स्क्रूड्रायव्हर आणि क्लोनिंगचं सॉफ्टवेअर एवढंच लागतं. नवी विंडोज आणि जुनी हार्ड डिस्क ही जोडी कुणालाही सुचवण्यासारखी नाही.

जुन्या प्रोसेसरना यादीबाहेर ठेवल्याबद्दल मायक्रोसॉफ्टला बऱ्याच शिव्या बसल्या, त्यातल्या काही रास्तही आहेत. पण एक तांत्रिक बाजू आहे. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण नव्या इन्स्टॉलेशनवर चालू असतं. ते कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरणारा प्रत्येक ड्रायव्हर तपासतं. नव्या प्रोसेसरमध्ये या कामाला हार्डवेअरची मदत आहे. जुन्यावर तेच काम सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि वेग जाणवण्याइतका पडतो.

अपग्रेडचे रस्ते तीन आहेत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर '११ तयार आहे' असं येत असेल तर तोच घ्यावा, कारण ज्या मशीनवर एखादी माहीत असलेली अडचण आहे तिथे मायक्रोसॉफ्ट ते आमंत्रण रोखून धरतं. दुसरा रस्ता इन्स्टॉलेशन असिस्टंटचा, तो यातलं सगळं रोखणं पाळेलच असं धरून चालू नका. तिसरा आयएसओ फाइल (विंडोजची पूर्ण प्रत असलेली एकच फाइल) डाउनलोड करून आतला 'सेटअप' चालवणं; एकाहून जास्त मशीन असतील किंवा इंटरनेट रडतखडत चालत असेल तर हाच सोयीचा. पेन ड्राइव्ह करायचा तर ८ जीबीचा लागतो.

आयएसओ वापरताना एक बारीक गोम आहे आणि ती कुठेच ठळक लिहिलेली नसते. सेटअप विचारतो: फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवायचे, फक्त फाइल्स ठेवायच्या, की काहीच नको? कधीकधी यातला पहिला पर्याय फिकट पडून निवडताच येत नाही. कारण बहुधा भाषा. मशीनवरची विंडोज 'इंग्लिश इंटरनॅशनल' आणि आयएसओ 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स', एवढा फरक पुरतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रॉम्प्टमध्ये 'डिसम /ऑनलाइन /गेट-इंटल' चालवा, 'डिफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज' समोर काय आहे ते पाहा आणि नेमकी त्याच भाषेची आयएसओ उतरवा. 'पुढे-पुढे' दाबत गेलात आणि 'फक्त फाइल्स' वर शिक्का बसला, तर सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची वेळ येते.

विंडोज १० जर ३२-बिट असेल तर हा रस्ताच बंद. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, त्यामुळे क्लीन इन्स्टॉलच, म्हणजे सगळं पुसून नव्याने, करावं लागतं. ३२-बिट अ‍ॅप्स पुढेही चालतात. ३२-बिट ड्रायव्हर मात्र चालत नाहीत, आणि जुना स्कॅनर किंवा लेबल प्रिंटर तिथेच मान टाकतो.

सुरू करण्याआधी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क नंतर काढून ठेवलेली. सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी मोकळी जागा. प्रिंटर, डोंगल, वेबकॅम, कार्ड रीडर सगळं काढा. कीबोर्ड, माऊस आणि पडदा पुरे. बाहेरच्या कंपनीचा अँटीव्हायरस असेल तर तो बंद करून चालत नाही, अनइन्स्टॉलच करा. लॅपटॉप चार्जरवर. परवान्याची चिंता नको: सक्रिय असलेल्या अस्सल विंडोज १० होमची ११ होम होते आणि प्रोची प्रो, मोफत. डोंगलवर चालणारं हिशेबाचं किंवा डिझाइनचं सॉफ्टवेअर असेल तर डोंगलचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का, हे आधी पाहा. नसेल तर त्या मशीनला अपग्रेड करू नका, भले बाकी सगळं पात्र असो.

तरीही कुठे अडतं?

सर्वांत कंटाळवाणी चूक 'शून्य-एक्स-सी-१९००१०१' या कोडची. काम ७० टक्क्यांवर, ९० टक्क्यांवर जातं, मशीन दोनदा रीस्टार्ट होतं आणि मग 'तुमची जुनी विंडोज परत आणत आहोत'. याच्या मुळाशी जवळपास नेहमी ड्रायव्हर असतो: ग्राफिक्सचा, वायफायचा, किंवा जुन्या अँटीव्हायरसने मागे सोडलेला. मायक्रोसॉफ्टचं 'सेटअपडायग' हे साधन लॉग वाचून बऱ्याचदा दोषी फाइलचं नावच सांगतं. स्वतः वाचायचं असेल तर सी ड्राइव्हवरच्या, नावाच्या शेवटी 'बीटी' असलेल्या दडलेल्या विंडोज फोल्डरमध्ये सोर्सेस, त्याच्या आत पँथर, तिथे 'सेटअपएरर' लॉग असतो. 'शून्य-एक्स-८००७००७०' म्हणजे जागा कमी. 'सी-१९००२००' म्हणजे अटीच पूर्ण होत नाहीत, परत सुरुवातीला जा.

'सिस्टिम रिझर्व्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' हा निरोप सगळ्यांना गोंधळात टाकतो, कारण सी वर तर २०० जीबी मोकळे असतात. अडलेलं असतं ते १०० एमबीचं छोटं ईएफआय पार्टिशन, जे एक्सप्लोररमध्ये दिसतच नाही. त्यात साधारण १५ एमबी मोकळे लागतात. उपाय सोपा आहे: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रॉम्प्टमध्ये 'माउंटव्हॉल वाय: /एस' चालवलं की ते पार्टिशन वाय नावाने उघडतं, आत ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फॉन्ट्स असं उतरत जा आणि फक्त त्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या फाइल्स काढा. शेजारच्या फोल्डरला बोटही लावू नका, नाहीतर बूटच जाईल.

अपग्रेडआधीच विंडोज १० अडखळत असेल, अपडेट्स नापास होत असतील, तर आधी 'डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' आणि मग 'एसएफसी /स्कॅननाऊ'. तरीही सुधारणा नसेल तर वरून ११ ओढण्यात अर्थ नाही, पायाच खचलाय. क्लीन इन्स्टॉल करा. फक्त लक्षात असू द्या की २४एच२ (विंडोज ११ ची २०२४ मधली आवृत्ती) पासून क्लीन इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरलात तर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम आवृत्तीवरसुद्धा. म्हणजे त्या ४८ आकड्यांची जबाबदारी पुन्हा तुमच्यावर. वरच्यावर अपग्रेड केल्यास जुनं लोकल खातं तसंच राहतं. नव्या इन्स्टॉलला मात्र इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं जातं, आणि हा हट्ट विंडोज ११ मधल्या सर्वांत चीड आणणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे.

यशस्वी झाल्यावर परतीचं दार फक्त १० दिवस उघडं असतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. जुनी विंडोज तोवर 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये पडून असते. १० दिवस कमी वाटत असतील तर अपग्रेडनंतर लगेच 'डिसम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०' चालवा, मुदत ६० दिवसांची होते. डिस्क क्लीनअप चालवून ते फोल्डर उडवलंत तर मुदत कितीही असो, परत फिरता येत नाही. या काळात रोजच्या कामांखेरीज महिन्यातून एकदाच लागणारी कामंही करून पाहा: डिजिटल सही, बँकेचं टोकन, वर्षअखेरचा अहवाल छापणारा तो एकच प्रिंटर.

वापरातल्या कुरबुरींपैकी काही मिटतात, काही नाहीत. स्टार्ट डावीकडे न्यायचा तर पर्सनलायझेशनमध्ये टास्कबारचं अलाइनमेंट बदला. टास्कबारवरच्या खिडक्या एकत्र गुंडाळल्या जाणं २३एच२ पासून बंद करता येतं. राइट क्लिकचा अर्धवट मेनू मात्र रोज चिडवतो. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की थेट जुना पूर्ण मेनू येतो, हे बोटांना शिकवून टाका. वर्डपॅड २४एच२ मध्ये गेलं, त्याची आठवण फारशी कुणाला येणार नाही. ऑफिसात किंवा घरी नेटवर्कवर जुनी स्टोरेज पेटी असेल तर तिची आठवण मात्र नक्की येईल: २४एच२ प्रो आवृत्तीत एसएमबी सायनिंग (नेटवर्कवरच्या फाइल-देवघेवीची सही तपासणं) सक्तीचं झालं आणि पासवर्डाशिवाय 'गेस्ट' म्हणून शिरणं बंद झालं. काल दिसणारं फोल्डर आज उघडत नाही. सायनिंग बंद करण्याचे उपाय सापडतील, पण बरोबर उपाय म्हणजे पेटीचं फर्मवेअर अपडेट करून तिच्यावर पासवर्डाचं खातं काढणं. तसंच काही एनव्हीएमई एसएसडी विंडोजकडून २०० एमबीचा मेमरी बफर मागत आणि २४एच२ वर निळा पडदा दाखवत. फर्मवेअर अपडेटने ते सुटलं. तेव्हा एसएसडीचं फर्मवेअर अपग्रेडच्या आधी बघून घेणं शहाणपणाचं.

टाकायची आवृत्ती २५एच२. ही ३० सप्टेंबर २०२५ ला आली, २४एच२ वरून छोट्याशा पॅकेजने चालू होते, आणि होम-प्रोला तिचा आधार १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. २४एच२ चा एक वर्ष आधी संपतो.

मशीन पात्रच नसेल तर? अट चुकवून विंडोज ११ टाकणारे पेन ड्राइव्ह सर्रास बनतात आणि ते चालतातही. मासिक अपडेट्स बहुधा येत राहतात; वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती दर वेळी हाताने, पुन्हा अट चुकवून टाकावी लागते. शिवाय २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना नसतील तर विंडोज सुरूच होत नाही, तिथे कुठलीही युक्ती कामाची नाही. खेळायला, शिकायला ठीक. ज्या मशीनवर पगार, बिलं किंवा रुग्णांची माहिती आहे तिथे हा प्रकार नको, कारण कंपनीने 'अपडेट मिळण्याचा हक्क नाही' असं आधीच लिहून ठेवलेलं आहे.

अशा मशीनला विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स, म्हणजे ईएसयू, हा सरळ मार्ग आहे. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मशीनवर विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्ट खातं हवं. मग विंडोज अपडेटच्याच पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. विंडोज बॅकअपने सेटिंग्ज सिंक केल्यास पैसे लागत नाहीत. नाहीतर १,००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड गुण किंवा एकदाच शुल्क. एका खात्यावर १० मशीनपर्यंत चालतं, आणि उशिरा नोंदणी केली तरी मधली राहिलेली अपडेट्स मिळतात. काम फक्त ब्राउझरमध्ये होत असेल तर या मुदतीत लिनक्स पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहा. वायफाय, आवाज आणि प्रिंटर हे तीन चालले की बाकी सहसा अडत नाही.

जाणाऱ्यांनी आणि थांबणाऱ्यांनीही बायोसचं अपडेट तपासावं. सिक्युअर बूटची २०११ मधली प्रमाणपत्रं जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात. नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात, पण काही जुन्या बोर्डांवर ती बसण्यासाठी बायोस ताजं लागतं. न बसल्यास मशीन बंद पडत नाही, बूटच्या टप्प्यावरचे पुढचे सुरक्षा बदल तेवढे मिळत नाहीत. आणि बायोस चढवण्याआधी बिटलॉकर सस्पेंड, हे पुन्हा तेच.